लिंबोणीपलीकडची फुलं

फ्रान्समधल्या त्या बागेचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नेट स्लो आहे, चित्र अजून पूर्ण उतरलेलं नाही. रविवार सकाळची ऑनलाइन शिकवणी होती. शिकवणाऱ्या बाई चित्राचं तोंड भरून कौतुक करत होत्या आणि मी राऊटर बंद करून पुन्हा चालू करत होतो. परत येऊन बसलो तरी चित्र तसंच. मग मी धीर करून विचारलं की मॅडम, माझ्याकडे जरा पुसट दिसतंय. बाई म्हणाल्या, ते तसंच आहे.

एक पायवाट होती. दोन्ही बाजूंना फुलं, वर निळसर काहीतरी, ते आभाळ असेल किंवा झाडं. फुलं म्हणजे नुसते ठिपके. एकालाही पाकळी नाही, देठ नाही. वाटेवर सावली पडली होती, ती चक्क जांभळी. आमच्या परभणीच्या शाळेत मी असं काही काढलं असतं तर ड्रॉइंगच्या सरांनी पट्टीनं माझी बोटं जांभळी केली असती.

ही शिकवणी मी हौसेनं लावलेली नव्हती. माझं बीपी वाढलं होतं आणि डॉक्टरांनी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं होतं. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला गोड शब्दांत कळवायच्या. चुका मला चटकन सापडतात, गोड शब्द सापडत नाहीत, म्हणून बीपी. बायकोनं रंग, ब्रश आणि कॅनव्हास आणून समोर ठेवले आणि म्हणाली की आता ह्यांच्यावर ओरडा.

बाईंची शिकवण थोडक्यात अशी, की हे चित्रकार लोक फूल काढत नव्हते, फुलावरचा उजेड काढत होते. उजेड अर्ध्या तासात बदलतो, तेव्हा पाकळ्या मोजायला वेळ कुणाला आहे? सावली काळी नसतेच, तिच्यात आभाळाचा निळा उतरलेला असतो, म्हणून काळ्या रंगाची ट्यूब आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाका. केशरी पेटायला हवा असेल तर त्याच्याशेजारी निळा ठेवा. आणि बघताना डोळे अर्धे मिटा, म्हणजे कडा विरघळतात आणि नुसते रंग शिल्लक राहतात. मी काळी ट्यूब टाकली. डोळे अर्धे मिटायचं मात्र अंगाशी आलं.

आम्ही राहतो ते गाव हिंजवडीच्या मागं, कासारसाईच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका शेतकरी कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण, त्यांचा मुलगा, सून आणि नातू. घरमालकीण पासष्टीच्या. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला सायेब म्हणतात आणि अरे-तुरे करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "सायेब, तू दिसभर घरातच असतुयास, तुला कामावरनं काडलंय का?" घरून काम म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोकडं दयेनं पाहिलं.

घराच्या बाजूला त्यांची फुलांची बाग. जमीन बरीच होती, ती दिरांच्या वाटणीत गेली, दिरांनी विकली, तिथं आता बारा मजली इमारत उठते आहे. मावशींकडं राहिली ही एक लांबट पट्टी, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. मधोमध एक लिंबोणी. तिच्या अलीकडं झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडी, दोन कण्हेरी आणि रस्त्याकडच्या तारेच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल. हा वेल साधासुधा नव्हे. नवरात्रात गावच्या देवीला रोज एका घराची माळ जाते आणि तिसरी माळ मावशींच्या घराची. तिसरी माळ निळ्या फुलांची. चाळीस वर्षं ती मावशींच्या हातची गेली आहे.

लिंबोणीच्या पलीकडं काय होतं, ते मला गच्चीवरून रोज दिसायचं. तिकडं लागवड बंद होऊन दोन वर्षं झाली होती. इमारतीच्या कंत्राटदारानं मुलाला विचारून आपलं सामान तिथं टाकलं होतं. निळे पत्रे, सिमेंटच्या गोण्या, केशरी प्लास्टिकची जाळी, दोन ड्रम आणि त्यातून डोकं वर काढणारं गाजरगवत. मावशी तिकडं जात नसत. गुडघे दुखतात म्हणायच्या. सकाळी पुढच्या फुलांची तोडणी झाली की ओट्यावर बसून ओढ्याच्या दिशेनं बघत राहायच्या.

मुलाला पुढच्या बाजूला, म्हणजे रस्त्याला लागून, सहा खोल्या बांधायच्या होत्या. हिंजवडीत नोकरीला येणाऱ्या पोरांना खोल्या लागतात, आणि खोली रस्त्यालगत असली की पोरगं चिखलातून चालायला कुरकुरत नाही. हिशेब सरळ होता. दोन वर्षं तो आईच्या मागं लागला होता आणि दोन वर्षं आई नाही म्हणत होती. बाग मोडून खोल्या उठवणं तिला पटत नव्हतं, आणि जमीन तिच्या नावावर होती. ह्या एका विषयावर दोघं जेवताना भांडायचे आणि ते भांडण आम्हाला जिन्यातून वर स्वच्छ ऐकू यायचं. मी मनातून मावशींच्या बाजूचा होतो. खोल्यांपुढं गाड्या लावायला जागा होणार होती, त्यामुळं बायको पार्किंगच्या बाजूची होती.

तर श्रावण सरला, उघडीप पडली आणि मी गच्चीवर स्टँड मांडून बाग काढायला घेतली. सकाळी साडेसात ते आठ. उजेड तिरपा, फुलांवर दव, डोळे अर्धे मिटलेले. तिसऱ्या दिवशी मुलगा वर आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग खालच्या आवाजात विचारलं की साहेब, डोळ्याला काही झालंय का? मी नाही म्हणालो. तेव्हा तो अजून खालच्या आवाजात म्हणाला की मग खाली फुलं तोडायला येणाऱ्या बायकांची तक्रार आहे. तुम्ही रोज सकाळी वरून डोळे मारता.

मी त्याला सगळं शास्त्र सांगितलं. कडा, उजेड, फ्रान्स. तो व्हय व्हय म्हणत उतरला आणि खाली जाऊन त्यानं जाहीर केलं की साहेबांच्या डोळ्यात दोष आहे. ही बातमी दुपारपर्यंत किराणा दुकानापर्यंत पोचली. संध्याकाळी मावशींनी गुलाबपाण्याची बाटली वर पाठवली आणि निरोप दिला की दोन-दोन थेंब घाल, डोळ्याची हयगय करू नये. मी घातले. तेवढाच गावाशी तंटा मिटला.

चित्र सहा दिवसांत झालं. पुढचा भाग काढताना अडचण आली नाही. अडचण लिंबोणीपलीकडं होती. गोण्या आणि पत्रे आहेत तसे रंगवायचे म्हटलं तर बाग कसली, भंगाराचं दुकान झालं असतं. पण डोळे अजून थोडे मिटले की गंमत व्हायची. केशरी जाळीचा झेंडूचा वाफा व्हायचा. गोण्यांची पांढरी शेवंती व्हायची. निळे पत्रे तर इतके सुंदर विरघळायचे की त्यांची ओढ्यापर्यंत पसरलेली गोकर्ण झाली. केशरीला निळा शेजार आपोआप मिळाला आणि केशरी पेटला. लिंबोणीची सावली मी झक्क निळी-जांभळी रंगवली. बारा मजली इमारत मी गाळली. इतकं स्वातंत्र्य फ्रान्सवाल्यांनीही घेतलं असणार असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला माझं चित्र फार आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काहीतरी केलं होतं ज्यातली चूक मला सापडत नव्हती.

इतरांना सापडली. बायको म्हणाली, छान आहे, पण कधी पूर्ण होणार? मुलगा बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला की साहेब, सावली निळी कुठं असते? नातवानं ते उलटं धरून बघितलं आणि दोन्ही बाजूंनी सारखंच आहे असा निकाल दिला. शिकवणीच्या बाईंनी फोटो पाहून अंगठा दाखवला, पण त्या सगळ्यांनाच दाखवतात.

मग मावशींनी पाहिलं. ओट्यावर बसल्या होत्या. मी चित्र समोर हातभर अंतरावर धरलं. त्या पुढं झुकल्या, मागं झाल्या, पुन्हा झुकल्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "हे खरं हाय. कॅलिंडरावरची चित्रं खोटी वाटत्यात. बाग अशीच दिसती."

मी हरखलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण स्तुती अजून थोडी मिळते का बघावं म्हणून मी सावलीकडं बोट केलं आणि विचारलं, ही कशी वाटते? त्या म्हणाल्या की सावली बराबर काळी काढलीस, पोरगं उगाच निळी म्हणतंय, त्याला काय कळतंय. त्या दिवशी मी बायकोला सांगितलं की चित्र समजायला शिक्षण लागत नाही, नजर लागते, आणि ती ह्या घरात फक्त मावशींकडं आहे. सावली त्यांना काळी का दिसली, हा प्रश्न चुका शोधायचा पगार घेणाऱ्या माणसाला पडला नाही. कौतुक करणाऱ्याला कोण तपासतं?

मावशींनी चित्र मागून घेतलं. ओट्यावर, देवाच्या फोटोशेजारी, खिळा ठोकून लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागल्या की आमच्या सायेबानं काढलंय. आणि आठवडाभरातच एका दुपारी त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं की बांध तुझ्या खोल्या, पुढची बाग घे. दोन वर्षांचं भांडण एका वाक्यात संपलं. मुलगा इतका गांगरला की त्याला आनंदही नीट करता आला नाही. दसऱ्यानंतर जेसीबी यायचा ठरला. मी मावशींना विचारलं की असं अचानक कसं? त्या म्हणाल्या, पोराचं पण बघायला पायजे, आन् आपल्याला काय कमी हाय. मला वाईट वाटलं, पण बाग त्यांची होती. बायकोनं गाडी कुठं लावायची त्याची जागा मनात ठरवूनही टाकली.

नवरात्राला पंधरा-वीस दिवस उरले असतील. सकाळी खाली गलका ऐकू आला म्हणून गच्चीतून वाकून पाहिलं, तर मावशी कुंपणावरचा गोकर्णीचा वेल ओरबाडून काढत होत्या. अर्धा वेल जमिनीवर पडला होता. मी धावत खाली गेलो. तेव्हा त्या घामाघूम होऊन म्हणाल्या, "रोग आलाय सायेब. फुलं समदी काळी पडल्यात. आता माळ कशाची करू?"

मी खाली पडलेलं एक फूल उचललं. ते निळं होतं. नुसतं निळं नव्हे, सकाळच्या उन्हात असं निळं की माझ्या ट्यूबमध्ये तो रंग नाही. मी म्हणालो की मावशी, हे निळं आहे, आणि तसंही निसर्गात काळा रंग नसतो. हे दुसरं वाक्य अगदीच फालतू होतं, पण शिकवणी अंगात मुरली होती. त्यांनी फूल माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, फिरवलं आणि म्हणाल्या की काळं हाय.

मग मात्र माझं टाळकं जागेवर आलं. मी खिशातला रुमाल काढला. तो गडद निळा होता. विचारलं, हा कसला? काळा, म्हणाल्या. माझी चप्पल खरंच काळी होती, तीही काळी. कुंपणाजवळ शेवंती होती, पांढरी. ती पिवळी म्हणाल्या. मग समोरच्या फाटकाकडं बोट करून विचारलं की तिथं कोण उभं आहे? त्या खाली पडलेला वेल गोळा करायला लागल्या. तिथं त्यांचा नातू दप्तर घेऊन शाळेच्या गाडीची वाट बघत होता.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "कुनाला बोलू नको. आंदळी म्हातारी म्हनून घरात बसवत्याल. माळंचा मान जावंकडं जाईल."

दोन-तीन वर्षं हे चाललं होतं. फुलं त्या बोटांनी ओळखत होत्या, माणसं आवाजावरून आणि चालीवरून, बाग सवयीनं. लिंबोणीपलीकडं जमीन खडबडीत, तिथं ठेच लागायची, म्हणून तिकडं जाणं बंद. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. आणि मी! ज्या बाईला सगळं जग धुरकट दिसत होतं, तिनं माझं धुरकट चित्र हुबेहूब आहे असं म्हटलं, आणि मी त्यावर आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो. मला आधी हसू आलं, मग स्वतःची चीड आली.

मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि वर जाऊन ते बायकोपाशी मोडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की मोतीबिंदू असेल, त्यात लपवायचं काय, आजच्या आज मुलाला सांगा. मी म्हणालो, शब्द दिलाय. ती म्हणाली, ती बाई उद्या विहिरीत पडली तर तुमचा शब्द तिला वर काढणार आहे का? संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. तो ओट्याच्या कडेला बसला. मग एकेक आठवायला लागला. गेल्या महिन्यात आईनं नातवाचं दप्तर मांजर समजून काठीनं हाकललं होतं. चहा दोनदा कपाच्या बाहेर ओतला होता. एका लग्नात दुसऱ्याच बाईला विहीण समजून मिठी मारली होती आणि ती बाईही भिडेखातर रडली होती. सगळे हसले होते. तो म्हणाला की आम्ही हसलोच नुसते. 

मावशी माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मुलानं त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू पार पिकला आहे, इतका पिकेपर्यंत घरातले काय करत होते? कडक चहाच्या ग्लासातून बघावं तसं ह्यांना दिसत असणार. निळा रंग आधी जातो, असंही म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं महिन्यानं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मावशी काळा चष्मा लावून घरी आल्या. घरात शिरताच त्यांनी चष्मा वर केला आणि सगळ्यांची हजेरी घेतली. मुलाला म्हणाल्या की तू केसांना रंग लावतुस व्हय? सुनेला म्हणाल्या, भिंतीला हा जांभळा रंग कुणी दिला, मी आजवर चाकलेटी समजत व्हते. मला न्याहाळून बघितलं आणि म्हणाल्या, "सायेब, तू एवडा पिकलायस व्हय? आवाजावरनं वाटत न्हाई." आम्ही सगळे हसलो. चार दिवसांचा राग सुटला असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं. चांगलं काम केल्याचा माज चढतो तो मला चढला. बायकोला म्हणालो, बघ, एका चित्रामुळं एका बाईची दृष्टी परत आली. ती म्हणाली, चित्रामुळं नाही, वेलामुळं.

डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका, वाकू नका असं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी बागेत. मी गच्चीवर होतो, ह्या वेळी डोळे पूर्ण उघडे. त्या वाकल्या नाहीत, पण एकेका झाडापाशी उभ्या राहत होत्या. शेवंती पांढरी आहे हे बघून स्वतःशीच हसल्या. अष्टरच्या वाफ्याजवळ खूप वेळ थांबल्या. उरलेल्या अर्ध्या गोकर्णीला हात लावला आणि तिची माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या. मग लिंबोणीपाशी आल्या आणि पलीकडं गेल्या.

तिथं त्या थांबल्या त्या थांबल्याच. ऊन वर आलं होतं आणि निळे पत्रे नुसते झळाळत होते. त्यांच्यामागं बारा मजले. मावशींनी एकदा मागं वळून पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. गोण्यांपर्यंत गेल्या. केशरी जाळी हातात घेतली, सोडून दिली. मी खाली उतरलो तोवर मुलगाही तिथं आला होता.

"माजी शेवंती कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मुलाला काही कळेना. तो म्हणाला की हितं दोन वर्षं झाली, काहीच नाही. ह्याच्याआधी का सांगितलं नाहीस असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तू रोज वट्यावर बसून हिकडंच बघायचीस की आई. मला वाटलं, तुला ठावं हाय."

तो खोटं बोलत नव्हता. आईनं मागची जमीन सोडून दिली असं तो समजला होता आणि मागची लागवड मुलगा बघतो, तिथं सगळं फुललं आहे असं आई समजली होती. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. आईला विचारायची चोरी, कारण विचारलं की डोळ्यांचं बिंग फुटलं असतं. मुलाला विचारायचं कारणच नव्हतं.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. डोळ्याला हात लावायची बंदी होती, म्हणून फक्त तोंड. मग शांतपणे म्हणाल्या की पुढची मोडायची न्हाई, जेसीबीवाल्याला न्हाई म्हणून कळव, खोल्या बांधायच्यात तर हे उचल आन् हितं बांध. मुलगा म्हणाला, इथवर रस्ता नाही, पोरं येणार नाहीत. त्या वळून लिंबोणीकडं चालू लागल्या. त्या दिवशी तो माझ्याकडं न बघता गाडीवर बसून गेला आणि त्याचा राग मला समजला. त्याच्या सहा खोल्या मी मावशींना डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवून घालवल्या होत्या.

दुपारी चारच्या सुमाराला मावशी जिना चढून वर आल्या. मी लॅपटॉपसमोर होतो. त्यांच्या हातात माझं चित्र होतं. खिळ्यावरून काढून आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा ते नीट बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील की हे काय डाग टाकलेत. ते ऐकायची माझी तयारी होती.

त्यांनी केशरी भागावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय हाय? मी म्हणालो, ती जाळी. मग पांढऱ्यावर बोट. गोण्या, मी म्हणालो. मग त्या सगळ्या निळ्यावर हात फिरवला, ओढ्यापर्यंत. मी म्हणालो, पत्रे.

मी समजावून सांगायला सुरुवात केली. म्हणालो की मावशी, चित्रात वस्तू नसते काढायची, उजेड काढायचा असतो, डोळे अर्धे मिटले की जाळी काय आणि झेंडू काय, दोन्ही सारखेच... माझं वाक्य मलाच ऐकवेना. मी मध्येच थांबलो.

"मला धड दिसंना, म्हनून मी ह्याच्यात बघत बसायची," त्या म्हणाल्या. "म्हनलं, सायबाचं डोळं चांगलं हायेत, त्यानं बघून काडलंय. मागं एवडं फुललंय, तर पुडचं पोराला द्यावं. म्हनून हो म्हनले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. मला लाज वाटली. शाळेतही कधी वाटली नव्हती अशी.

"मला दिसत न्हवतं, सायेब," त्या म्हणाल्या. "तुला दिसत व्हतं."

 चित्र टेबलावरच ठेवून त्या निघाल्या, आणि कठड्याला हात न लावता, एकेक पायरी बघत, जिना उतरून गेल्या.